बीड जिल्ह्यातील मोटारगाड्यांचा इतिहास

महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील बीड जिल्ह्याचा मोटारगाडीशी असलेला संबंध राज्यातील इतर अनेक जिल्ह्यांपेक्षा निराळा आहे. जिल्ह्याच्या मुख्यालयापर्यंत प्रवासी रेल्वे इ.स. २०२५ मध्ये पोहोचली. त्यापूर्वीच्या काळात बैलगाडीच्या पुढचे वाहन म्हणजे रस्त्यावरून धावणारी मोटार, असेच बहुसंख्य रहिवाशांच्या बाबतीत समीकरण होते. त्यामुळे येथील 'पहिली गाडी' ही एखाद्या कुटुंबाच्या मालकीची असेलच असे नव्हते. एसटीची बस, गावातील डॉक्टरांची फियाट, प्रवाशांनी भरलेली काळी-पिवळी जीप आणि नंतर स्वतःची मारुती अशा क्रमाने मोटार येथील लोकजीवनात आली. या गाड्यांची बनावट, दुरुस्ती, सुरक्षितता आणि वापर यांत गेल्या काही दशकांत झालेले बदल, तसेच जुन्या गाड्यांविषयीचे स्मरणरंजन यांचा आढावा या लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौ.कि.मी. असून इ.स. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८५,०४९ आहे. जिल्ह्यात बीड, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, माजलगाव, वडवणी, केज, धारूर, परळी आणि अंबाजोगाई हे अकरा तालुके आहेत. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि मध्यभागातून बालाघाटची डोंगररांग जाते. या रांगेमुळे जिल्ह्यातील रस्त्यांवर मांजरसुंबा व धारूर यांसारखे घाट आहेत. कमी शक्तीच्या जुन्या इंजिनांची या घाटांत कसोटी लागत असे.

जिल्ह्यातून दोन मोठे महामार्ग जातात. सोलापूर–धुळे हा राष्ट्रीय महामार्ग ५२ (पूर्वीचा क्रमांक २११) बीड व गेवराईवरून जातो, तर राष्ट्रीय महामार्ग ६१ (पूर्वीचा कल्याण–निर्मल महामार्ग, क्रमांक २२२) गढी व माजलगाव परिसरातून जातो. बीडच्या दक्षिणेकडील मांजरसुंबा येथे केज–अंबाजोगाईकडे आणि पाटोद्याकडे जाणारे रस्ते फुटत असल्याने ते वाहनांच्या थांब्याचे ठिकाण बनले.

परळी वैजनाथ आणि अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर ही स्थानके पूर्वीपासून रेल्वेमार्गावर असली, तरी ती जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहेत. जिल्ह्याच्या उर्वरित भागातील लोकांना रेल्वे गाठण्यासाठीही आधी रस्त्याने प्रवास करावा लागे.

निजामकाळ व एसटीचा आरंभ

इ.स. १९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात निजामाच्या रेल्वेचा मार्ग परिवहन विभाग जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी सुरू झाला. शासकीय मालकीच्या प्रवासी बससेवेचा भारतातील हा आरंभीचा प्रयोग मानला जातो. त्या काळात खासगी मोटार ही संस्थानिक, जहागीरदार आणि उच्चपदस्थ अधिकारी यांच्यापुरती मर्यादित होती. देशात मोटारींची निर्मिती होत नव्हती. जनरल मोटर्सने इ.स. १९२८ मध्ये मुंबईत सुट्या भागांची जुळणी सुरू केली होती व पाठोपाठ फोर्डनेही तसे केले. उरलेल्या गाड्या परदेशांतून तयार येत.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. इ.स. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. तत्कालीन मुंबई प्रांतात एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली होती. मराठवाड्यातील स्वतंत्र परिवहन व्यवस्था पुढे या सेवेला जोडली जाऊन १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. 'गाव तेथे एसटी' हे धोरण स्वीकारल्यानंतर तालुक्याच्या गावांपलीकडील खेड्यांतही मोटार पोहोचू लागली.

या काळाची खूण भाषेतही उरली आहे. जुन्या पिढीच्या बोलण्यात 'मोटार' हा शब्द बससाठीही वापरला जातो. विहिरीवर विजेचे पंप आल्यानंतर ग्रामीण बोलीत त्यांनाही 'मोटार' म्हटले जाऊ लागले. त्यामुळे 'मोटार सुरू झाली' या वाक्याचा अर्थ प्रसंगावरून लावावा लागतो.

दुष्काळ आणि रस्ते

मोटारगाडीचा प्रसार रस्त्यांवर अवलंबून असतो आणि बीडमधील रस्त्यांचा इतिहास दुष्काळाच्या इतिहासाशी निगडित आहे. इ.स. १९७२-७३ च्या दुष्काळात मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात शेतीची कामे थांबली. शासनाने दुष्काळी कामे काढली. त्यांत पाझर तलाव, नालाबांध यांच्याबरोबर खडी फोडणे व रस्त्यांसाठी मातीकाम करणे ही प्रमुख कामे होती. स्त्री-पुरुष मजुरांनी हातोड्याने फोडलेल्या खडीवर अनेक गावांचे पहिले रस्ते झाले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे कायद्याचे स्वरूप मिळाले. हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्या योजनेतूनही रस्त्यांची कामे होत राहिली.

हे रस्ते बांधणाऱ्या मजुरांपैकी मोटार विकत घेण्याची ऐपत असलेले जवळपास कोणीही नव्हते. त्यांतील अनेक कुटुंबे हंगामी स्थलांतर करीत. बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. पूर्वी त्यांचा प्रवास बैलगाड्यांनी होई. नंतर ट्रक व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या. या समाजघटकात मोटारीची पहिली आठवण म्हणजे संसाराच्या सामानावर बसून केलेला ट्रकचा रात्रीचा प्रवास होय.

इ.स. २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेमुळे वाड्या-वस्त्यांना डांबरी रस्ते मिळण्यास चालना मिळाली.

टंचाईचा काळ: फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर

स्वातंत्र्यानंतर तयार मोटारींच्या आयातीवर बंधने आली आणि देशात प्रत्यक्ष उत्पादन न करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात काम आवरले. त्यानंतर सुमारे तीन दशके भारतीय ग्राहकासमोर मोजकेच पर्याय होते.

त्यांपैकी एक महाराष्ट्रात तयार होत असे. सोलापूर येथे जन्मलेले उद्योजक वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी इ.स. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात आरंभी अमेरिकी क्रायस्लर समूहाच्या गाड्यांची जुळणी होई. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले. १९५० च्या दशकातील फियाट ११०० ही गोलसर आकाराची गाडी मराठी बोलीत 'डुक्कर फियाट' म्हणून प्रसिद्ध झाली. तिचे पुढचे दरवाजे उलट दिशेने, म्हणजे मागच्या बाजूच्या बिजागरीवर उघडत. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. इटालियन कंपनीशी असलेला करार संपल्यानंतर हीच गाडी १९७० च्या दशकात आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. नाव बदलले तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. १,०८९ घ.सें.मी. क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन, मागच्या चाकांना मिळणारी गती आणि स्टेअरिंगच्या दांड्यावरच बसवलेला गिअरचा दांडा ही तिची वैशिष्ट्ये होती. पुढच्या लांब आसनावर तिघे बसू शकत. इ.स. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.

दुसरा पर्याय हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर हा होता. ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली ही गाडी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१४ पर्यंत पश्चिम बंगालमधील उत्तरपारा येथे तयार होत होती. उंच बांधणी, जाड पत्रा आणि खडबडीत रस्ते सोसणारे पाटे यांमुळे ती ग्रामीण भागात उपयुक्त ठरली. जिल्हाधिकारी, मंत्री व इतर शासकीय अधिकारी पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरमधून येत असल्याने जिल्ह्याच्या ठिकाणी ती सत्तेची खूण मानली जाई.

या गाड्यांसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे लहान शहरांत जुनी, म्हणजे 'सेकंडहँड' गाडी घेण्याची प्रथा रूढ झाली. मोठ्या शहरांत काही वर्षे वापरलेली गाडी जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या डॉक्टर, वकील, व्यापारी वा कंत्राटदाराकडे येई आणि तेथून पुढे तालुक्याच्या गावी जाई. एका गाडीला असे तीन-चार मालक लाभत.

जीप, टेम्पो आणि काळी-पिवळी

बीडसारख्या जिल्ह्यात सर्वसामान्यांच्या दृष्टीने फियाट-अ‍ॅम्बेसेडरपेक्षा जीप अधिक महत्त्वाची ठरली. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत अमेरिकी विलिस जीपची जुळणी सुरू केली. चारही चाकांना गती देण्याची सोय, साधी रचना आणि उघडे टप यांमुळे ती पोलीस, महसूल व वन विभागांत रुळली. निवडणुकीच्या प्रचारात कर्णे बांधलेली जीप हे ग्रामीण महाराष्ट्रातील परिचित दृश्य होते.

१९८० व १९९० च्या दशकांत डिझेलवर चालणाऱ्या महिंद्र कमांडर आणि पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीच्या ट्रॅक्स या लांब बांधणीच्या गाड्या प्रवासी वाहतुकीसाठी वापरल्या जाऊ लागल्या. बजाज टेम्पोच्या वाहनांचा प्रभाव एवढा होता की 'टेम्पो' हा शब्द मालवाहू छोट्या वाहनाचे सामान्यनाम बनला.

परवानाधारक टॅक्सीला काळा-पिवळा रंग देण्याची पद्धत मुंबईत रूढ होती. मुंबईत 'काळी-पिवळी' म्हटले की फियाट टॅक्सी डोळ्यांसमोर येते. मराठवाड्यात मात्र याच शब्दाचा अर्थ गावोगाव प्रवासी नेणारी जीप असा झाला. पश्चिम महाराष्ट्रात अशाच वाहतुकीला 'वडाप' म्हणतात. काळी-पिवळीला ठरलेली वेळ नसते. 'सीट भरले' की गाडी निघते. मागे समोरासमोरच्या बाकांवर, पुढे चालकाशेजारी आणि गर्दीच्या वेळी टपावर व मागच्या पायरीवरही प्रवासी घेतले जात. आठवडी बाजार, तालुक्याचे न्यायालय, शाळा-महाविद्यालये आणि रुग्णालये यांच्याशी खेड्यांचा संबंध बऱ्याच अंशी या वाहनांनी टिकवून ठेवला.

कायद्याच्या दृष्टीने ही वाहतूक बहुधा वादग्रस्त राहिली. टॅक्सीचा परवाना संपूर्ण गाडी भाड्याने देण्यासाठी असतो. थांब्याथांब्यावर वेगवेगळे प्रवासी चढवण्या-उतरवण्याचा अधिकार टप्पा वाहतुकीचा परवाना असलेल्या एसटीसारख्या सेवांना असतो. म्हणून शासकीय भाषेत तिचा उल्लेख 'अवैध प्रवासी वाहतूक' असा होतो. तथापि एसटीच्या फेऱ्या अपुऱ्या असलेल्या गावांत तिला पर्याय नव्हता. इ.स. २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात ग्रामीण महाराष्ट्राची भिस्त पुन्हा प्रामुख्याने खासगी वाहनांवरच राहिली.

रुग्णवाहिका म्हणून जीपने बजावलेली भूमिकाही उल्लेखनीय आहे. अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय हे परिसरातील गंभीर रुग्णांचे मुख्य आश्रयस्थान राहिले आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत सर्पदंश झालेला शेतकरी किंवा अडलेली बाळंतीण यांना रात्री रुग्णालयात पोहोचवण्यासाठी गावातील ज्याच्याकडे गाडी असेल त्याचे दार ठोठावण्याशिवाय मार्ग नव्हता. गावात गाडी असणे वा नसणे हा अशा वेळी जिवाचा प्रश्न होता.

मारुती आणि उदारीकरण

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० या गाडीचे वितरण सुरू झाले आणि भारतीय मोटारीचे स्वरूप बदलले. ७९६ घ.सें.मी. क्षमतेचे तीन सिलिंडरचे इंजिन, पुढच्या चाकांना गती आणि कमी वजन असलेली ही गाडी जपानच्या सुझुकी कंपनीच्या सहकार्याने तयार झाली होती. ती सकाळी एका किल्लीत सुरू होई, पेट्रोल कमी खाई आणि घाटात पाणी उकळून थांबत नसे. तिचा पत्रा पातळ असल्याची व ती जमिनीपासून फार उंच नसल्याची तक्रार सुरुवातीला केली जाई. तरीही पगारदार मध्यमवर्गाची पहिली गाडी म्हणून तिचे स्थान पक्के झाले. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. १९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन, म्हणजेच पुढची ओम्नी, शाळकरी मुलांची ने-आण, रुग्णवाहिका व छोटे व्यवसाय यांसाठी वापरली गेली.

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर १९९३ मध्ये मोटार उत्पादनावरील परवाना पद्धत रद्द झाली. टाटा सुमो (१९९४), टाटा इंडिका (१९९८), महिंद्र बोलेरो (२०००) आणि महिंद्र स्कॉर्पिओ (२००२) या गाड्यांनी ग्रामीण व निमशहरी बाजारपेठ व्यापली. बँका व वित्तसंस्थांच्या कर्जामुळे हप्त्यांवर नवी गाडी घेणे शक्य झाले. गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबण्याचा काळ संपला. त्याची जागा दरमहा हप्ता भरण्याने घेतली. शेतीचे उत्पन्न पावसावर अवलंबून असलेल्या जिल्ह्यात हप्ते थकून वित्तसंस्थेने गाडी ओढून नेणे हाही ग्रामीण जीवनाचा एक भाग झाला.

वाहन क्रमांकांची सध्याची पद्धत मोटार वाहन अधिनियम, १९८८ बरोबर म्हणजे १ जुलै १९८९ पासून अमलात आली. त्यानुसार बीडचा नोंदणी संकेत एमएच २३ असा आहे. अंबाजोगाईस पुढे एमएच ४४ हा स्वतंत्र संकेत मिळाला.

तंत्रातील बदल

जुन्या व आजच्या गाड्यांमधील प्रमुख फरक पुढीलप्रमाणे सांगता येतील.

• इंधनपुरवठा: जुन्या गाड्यांत हवा व पेट्रोल यांचे मिश्रण कार्बोरेटरमध्ये होई. थंडीत चोक ओढावा लागे आणि कचरा अडकला तर कार्बोरेटर उघडून फुंकून साफ करता येई. आजच्या गाड्यांत संगणकीय नियंत्रणाखाली नेमके मोजलेले इंधन फवारले जाते.
• प्रज्वलन: ठिणगीची वेळ पूर्वी डिस्ट्रिब्यूटरमधील 'पॉइंट' ठरवीत. ते घासले की गाडी अडखळे. मिस्त्री पॉलिश पेपरने ते साफ करून देत. आता हे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते.
• गाडी सुरू करणे: बॅटरी उतरली असता अ‍ॅम्बेसेडर वा जीपला पुढून लोखंडी हँडल मारून किंवा धक्का देऊन सुरू करता येई. आज अनेक गाड्या किल्ली न फिरवता बटणावर सुरू होतात.
• शीतकरण: रेडिएटरमध्ये साधे पाणी भरले जाई व घाटात ते उकळे. चढाच्या रस्त्यांवरील चालक पाण्याचा डबा बरोबर ठेवत. आताची यंत्रणा बंदिस्त असून तिच्यात विशिष्ट द्रव वापरला जातो.
• ब्रेक: चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. आता पुढे डिस्क ब्रेक आणि चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा असते. २०१९ पासून नव्या मोटारींत ती बंधनकारक आहे.
• प्रदूषण: शिसेयुक्त पेट्रोल इ.स. २००० मध्ये देशभर बंद झाले. त्याच वर्षापासून भारत स्टेज मानकांचा अंमल सुरू झाला. १ एप्रिल २०२० पासून सहावा टप्पा लागू आहे. पाचवा टप्पा वगळण्यात आला.

दुरुस्तीचा व्यवसाय

तंत्रातील बदलाचा सर्वांत दूरगामी परिणाम दुरुस्तीच्या व्यवसायावर झाला. फियाट, अ‍ॅम्बेसेडर व जीप या गाड्यांची रचना तीन-चार दशके फारशी बदलली नाही. त्यामुळे एकदा शिकलेले काम मिस्त्रीला आयुष्यभर पुरे. शाळा सुटलेला मुलगा गॅरेजात उमेदवारीसाठी येई. पाने ओळखणे, पंक्चर काढणे, प्लग साफ करणे यांपासून सुरुवात करून काही वर्षांत इंजिन उतरवण्यापर्यंत पोहोचे. दोष ओळखण्याचे मुख्य साधन कान हे होते. इंजिनाच्या आवाजावरून टॅपेट सैल झाले की बेअरिंग गेले, हे सांगणाऱ्या मिस्त्रीचा पंचक्रोशीत लौकिक असे. न मिळणारा भाग लेथवर घडवून घेतला जाई किंवा भंगारातील दुसऱ्या गाडीतून काढून बसवला जाई. मालकालाही फॅन बेल्ट बदलणे, स्टेपनी चढवणे, प्लग पुसणे एवढे ज्ञान आवश्यक असे.

आजच्या गाडीतील दोष शोधण्यासाठी निदान यंत्र जोडावे लागते. अनेक भाग दुरुस्त न करता संपूर्ण बदलले जातात आणि हमीच्या काळात गाडी अधिकृत केंद्रातच न्यावी लागते. काही मिस्त्रींनी निदान यंत्रे घेऊन नवे तंत्र आत्मसात केले. काही जण ट्रॅक्टर, दुचाकी वा मालवाहू रिक्षांच्या दुरुस्तीकडे वळले. दुसऱ्या बाजूने पाहता गाडी वाटेत बंद पडण्याचे प्रमाण खूप घटले आहे. जुन्या गाडीची दुरुस्ती सोपी होती, पण ती वारंवार करावी लागे, ही बाब जुन्या गाड्यांच्या गुणगानात बहुधा सुटते.

सुरक्षितता

जुन्या गाड्या 'मजबूत' होत्या, असा समज सर्वत्र आढळतो. जाड पत्र्याची गाडी धडकेत कमी चेपते हे खरे असले, तरी न चेपणाऱ्या सांगाड्यातून धक्क्याची ऊर्जा थेट आतील माणसांपर्यंत पोहोचते. आधुनिक गाडीचा पुढचा व मागचा भाग ठरवून चेपणारा बनवलेला असतो, जेणेकरून प्रवाशांच्या बसण्याची जागा शाबूत राहावी. फियाट व अ‍ॅम्बेसेडरच्या दीर्घ काळात आसनपट्टे, डोक्याचा आधार व हवेच्या पिशव्या या गोष्टी नव्हत्या किंवा फार उशिरा आल्या. चालकासाठी हवेची पिशवी २०१९ मध्ये सक्तीची झाली व पुढे चालकाशेजारील आसनालाही हा नियम लागू झाला. गाड्यांच्या धडक चाचणीसाठी 'भारत एनकॅप' ही मूल्यांकन पद्धत १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली.

या विषयाला बीड जिल्ह्यात दुःखद संदर्भ आहेत. बीडचे खासदार व केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे यांचे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातात निधन झाले. ते गाडीच्या मागच्या आसनावर बसले होते. या घटनेनंतर मागच्या आसनावरही पट्टा लावण्याची आवश्यकता देशभर चर्चिली गेली. जिल्ह्यातीलच नेते विनायक मेटे यांचे १४ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात निधन झाले. त्यानंतर तीन आठवड्यांत पालघर जिल्ह्यात उद्योजक सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाल्यावर मागच्या आसनावरील पट्ट्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. मागच्या प्रवाशाने पट्टा लावण्याचा नियम आधीपासून अस्तित्वात होता. त्याचे पालन मात्र क्वचितच होई.

रस्ते रुंद झाले, गाड्यांचा वेग वाढला आणि त्याबरोबर अपघातांचे स्वरूपही बदलले. घाटात गाडी बंद पडणे ही जुन्या काळातील नेहमीची अडचण होती. चौपदरी महामार्गावर भरधाव गाडीने उभ्या ट्रकला किंवा रात्री दिवा नसलेल्या ऊसाच्या ट्रॉलीला मागून धडकणे हा आजचा धोका आहे. ट्रॉलीला मागे परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा गाळप हंगामात त्यासाठीच घेतल्या जातात.

स्मरणरंजन

पहिल्या गाडीची आठवण हा मराठी कुटुंबांच्या संभाषणातील जिव्हाळ्याचा विषय आहे. गाडीचा क्रमांक, रंग आणि ती घरी आली तो दिवस अनेकांच्या लक्षात असतो. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचे तोरण बांधणे, चाकाखाली लिंबू ठेवणे, नवी गाडी प्रथम देवदर्शनाला नेणे या प्रथा आजही पाळल्या जातात. परळी वैजनाथाचे ज्योतिर्लिंग व अंबाजोगाईची योगेश्वरी ही जिल्ह्यातील त्यासाठीची प्रमुख स्थाने आहेत. तापलेल्या रेक्झिनचा व पेट्रोलचा वास, काच खाली करण्याची फिरकी, उन्हाळ्यात खिडकीला बांधलेला ओला टॉवेल, लग्नात नवरदेवासाठी मागून आणलेली गाडी हे तपशील या आठवणींत वारंवार येतात.

या आठवणींमागे काही सामाजिक कारणे आहेत. पहिले म्हणजे दुर्मिळता: गावात दोन-चारच गाड्या असल्याने प्रत्येक गाडीला ओळख होती आणि आवाजावरून ती कोणाची हे मुले सांगत. दुसरे म्हणजे सामायिक वापर: गाडी एकाच्या मालकीची असली तरी लग्न, दवाखाना व अंत्ययात्रा यांसाठी ती गल्लीची असे. तिसरे म्हणजे सहभाग: धक्का देणे, पाणी आणणे, हँडल मारणे यांत प्रवाशांचाही हात असे. आजची गाडी वातानुकूलित, शांत व बंद काचांची आहे. तिच्या प्रवाशाला वाटेत कोणाची मदत लागत नाही, आणि म्हणून ओळखही होत नाही.

तथापि हे स्मरणरंजन निवडक असते. स्वतःच्या गाडीची आठवण सांगू शकणारी कुटुंबे त्या काळात थोडी होती. बहुतेकांसाठी पहिली गाडी दुसऱ्याची होती आणि तीत जागा मिळणे मालकाच्या मर्जीवर अवलंबून असे. टपावर बसून केलेल्या प्रवासाची मजा सांगितली जाते, त्याच प्रवासातील अपघात विसरले जातात. चालक बहुधा पुरुषच असत. मोठ्या संख्येने स्त्रिया वाहन चालवू लागल्या त्या विनागिअर दुचाकी व हलक्या स्टेअरिंगच्या गाड्या आल्यानंतर.

जुन्या गाड्या आणि कायदा

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणी करून व महाराष्ट्रात पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. त्यात वयापेक्षा तपासणीत गाडी योग्य ठरते की नाही याला महत्त्व आहे. त्याच वर्षीच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपातील दुचाकी व चारचाकी वाहने 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतात. अशा वाहनांचा व्यावसायिक वापर करता येत नाही.

मुंबईत टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे टॅक्सी म्हणून नोंदवली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे निवृत्त झाली. ग्रामीण भागात अशी निवृत्ती कोणत्याही एका दिवशी झाली नाही. जुन्या गाड्या वाड्याच्या आवारात किंवा गॅरेजमागे उभ्या राहिल्या, त्यांचे सुटे भाग दुसऱ्या गाड्यांना लागले आणि उरलेला पत्रा भंगारात गेला.

सद्यस्थिती

अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ कि.मी. लांबीच्या रेल्वेमार्गाची मागणी जिल्ह्यात अनेक दशके होती. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ते न्यू आष्टी या टप्प्यावर प्रवासी गाडी सुरू झाली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरापर्यंत रेल्वे पोहोचली. एसटीच्या ताफ्यातही बदल होत आहेत. महामंडळाची 'शिवाई' ही विजेवर चालणारी बस १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर या, एसटीच्या पहिल्याच मार्गावर सुरू झाली. विजेवरील मोटारीत कार्बोरेटर, प्लग, गिअरपेटी व धूर सोडणारी नळी यांपैकी काहीच नसते. त्यामुळे जुन्या मिस्त्रींच्या कसबाचा उरलेला भागही हळूहळू कालबाह्य होण्याची शक्यता आहे. बीडसारख्या जिल्ह्यात या गाड्यांचा प्रसार चार्जिंगची सोय, अखंड वीजपुरवठा आणि तालुक्याच्या ठिकाणी मिळणारी दुरुस्ती यांवर अवलंबून राहील.